धान्याची घरे : कोवलमच्या किनाऱ्यापासून पन्हाळ्याच्या अंबारखान्यापर्यंत

चेन्नई शहरातून पूर्व किनारा मार्गाने दक्षिणेकडे निघाल्यावर सुमारे ४० किलोमीटर अंतरावर कोवलम हे मच्छीमारांचे गाव लागते. एकेकाळी हे लहानसे बंदर होते. अठराव्या शतकात कर्नाटकच्या नवाबाने येथे किल्ला बांधला. तो प्रथम फ्रेंचांच्या आणि १७५२ मध्ये रॉबर्ट क्लाईव्हच्या हाती गेला व पुढे इंग्रजांनी तो पाडून टाकला. आज पर्यटक येथे येतात ते समुद्रकिनाऱ्यासाठी. मात्र कोवलमच्या थोडे अलीकडे, मुट्टुकाडूच्या खाडीजवळ, दक्षिण भारतातील जुन्या घरांचा एक आगळा संग्रह उभा आहे. 'दक्षिणचित्र' हे त्याचे नाव. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक आणि आंध्र या प्रदेशांतील शेतकऱ्यांची, विणकरांची, कुंभारांची व व्यापाऱ्यांची घरे येथे एकाच आवारात पाहावयास मिळतात.

राजवाडे आणि मंदिरे यांच्या वास्तुकलेवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने कोठार, गोठा, खळे आणि शेतघर यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले. वास्तविक या साध्या इमारतींनीच धान्य पावसापासून, उंदरांपासून आणि किडीपासून वाचवले. एका हंगामाचे पीक पुढच्या हंगामापर्यंत टिकले तरच गाव जगत असे. म्हणूनच धान्याचे घर कसे बांधले जाई, त्यासाठी कोठे दगड वापरला जाई, कोठे लाकूड आणि कोठे केवळ माती, या प्रश्नांची उत्तरे शोधताना त्या त्या प्रदेशाचे हवामान, शेती आणि सत्ता यांचाही उलगडा होतो.

उचलून आणलेली घरे

'मद्रास क्राफ्ट फाउंडेशन' या संस्थेची स्थापना १९८४ मध्ये झाली. कला-इतिहासाच्या अभ्यासक डेबोरा त्यागराजन यांच्या पुढाकाराने या संस्थेने दक्षिणचित्राची उभारणी केली आणि डिसेंबर १९९६ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. सुमारे १० एकर जागेवरील या संग्रहालयाचा आराखडा केरळात स्थायिक झालेले विख्यात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केला. पुढील काम वास्तुविशारद बेनी कुरिआकोस यांनी पाहिले.

येथील घरे आणण्याची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. पाडले जाण्याच्या बेतात असलेले जुने घर विकत घ्यायचे, त्याची मोजमापे व रेखाटने करायची, प्रत्येक खांब, तुळई, चौकट आणि फळी यांवर खुणा करून ते उलगडायचे आणि पारंपरिक सुतार-गवंड्यांच्या हातून नव्या जागी पुन्हा उभे करायचे, अशी ही रीत आहे. लाकडी घराच्या बाबतीत हे शक्य होते, कारण जुने सुतारकाम खिळ्यांवर नव्हे, तर खाचा आणि कुसू यांच्या जोडणीवर उभे असते. मातीची भिंत मात्र उचलून आणता येत नाही. अशा घरांसाठी मूळ नमुना समोर ठेवून त्याच रीतीने नव्याने बांधकाम करावे लागते.

घरे हलवून जपण्याची ही कल्पना युरोपातून पुढे आली. स्वीडनमध्ये आर्टूर हाझेलियुस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे 'स्कान्सेन' हे खुले संग्रहालय सुरू केले. कारखानदारीच्या रेट्यात ग्रामीण जीवन नाहीसे होत आहे, हे ओळखून त्यांनी देशभरातून शेतघरे, कोठारे आणि गोठे तेथे आणले. पुढे अनेक देशांनी हा नमुना स्वीकारला. दक्षिणचित्र हे त्याच परंपरेचे भारतीय रूप होय.

दगडात उतरलेली झोपडी

शेतघराचा आकार किती जुना असतो, याचा पुरावा कोवलमपासून फार दूर नाही. दक्षिणेस वीसएक किलोमीटरवर मामल्लपुरम आहे. तेथील पाच रथ हे सातव्या शतकात, पल्लवांच्या काळात, अखंड खडकातून कोरलेले आहेत. त्यांपैकी द्रौपदी रथ म्हणजे गवताने शाकारलेल्या झोपडीची हुबेहूब दगडी प्रतिकृती आहे. शेजारच्या भीम रथाचे छप्पर लांबट आणि पाठीसारखे गोलाकार आहे. बांबू वाकवून त्यावर गवत अंथरल्यावर जो आकार तयार होतो, तोच येथे कठीण दगडात कोरलेला दिसतो.

त्याच गावातील कृष्ण मंडपाच्या शिल्पपटात गोवर्धनधारी कृष्णाजवळ गाईची धार काढणारा गवळी कोरलेला आहे आणि गाय आपल्या वासराला चाटत आहे. देवाच्या कथेत शिल्पकाराने गोठ्यातील नेहमीचे दृश्य आणले. लाकूड, बांबू आणि गवत यांची त्या काळातील बांधकामे केव्हाच नष्ट झाली. त्यांचे रूप उरले ते दगडाने त्यांची नक्कल केली म्हणून. दगडी वास्तुकलेचे मूळ अनेकदा शेतकऱ्याच्या छपरात असते, ते असे.

धान्याचे शत्रू आणि बांधकामाचे नियम

धान्य ही निर्जीव वस्तू नाही. साठवलेला प्रत्येक दाणा अत्यंत मंद गतीने श्वसन करीत असतो. त्यात ओलावा अधिक असला की श्वसन वाढते, उष्णता निर्माण होते, बुरशी धरते आणि किडीला पोषक वातावरण मिळते. म्हणून साठवणीच्या वेळी धान्यातील ओलावा साधारणतः १२ ते १४ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असे मानले जाते. मळणीपूर्वी व मळणीनंतर खळ्यावर दिलेले ऊन ही साठवणुकीची पहिली पायरी होय. सारवलेले, टणक केलेले खळे हा त्यामुळे शेतवास्तूचाच एक भाग ठरतो.

धान्याचे शत्रू पाच : ओल, उंदीर, कीड, आग आणि चोर. यांपैकी प्रत्येकावर वेगळा उपाय करावा लागतो आणि हे उपाय अनेकदा परस्परविरोधी असतात. ओल टाळण्यासाठी हवा खेळती हवी, परंतु कीड मारण्यासाठी हवा बंद हवी. आगीपासून बचाव करायचा तर दगड आणि चुना उत्तम, परंतु दमट हवेत दगडाच्या थंड पृष्ठभागावर पाणी सुटते. उंदरांना दूर ठेवायचे तर कोठार जमिनीपासून उंच हवे, परंतु शत्रूच्या नजरेपासून लपवायचे तर ते जमिनीच्या पोटात हवे. कोणता शत्रू अधिक प्रबळ, यावर त्या प्रदेशातील धान्याच्या घराचा आकार ठरत गेला.

उंदरांवरील उपायांत तर देशोदेशीच्या कारागिरांचे आश्चर्यकारक एकमत दिसते. स्पेनच्या वायव्य भागात 'ऑरिओ' नावाची कोठारे दगडी खांबांवर उभी असतात. या खांबांच्या माथ्यावर पसरट दगडी चकत्या ठेवलेल्या असतात, जेणेकरून खांबावरून चढलेल्या उंदराला पुढे जाता येऊ नये. इंग्लंडमध्ये याच कामासाठी कुत्र्याच्या छत्रीच्या आकाराचे दगड कोठाराखाली ठेवत. आपल्याकडील कणगीही याच कारणाने दगडांवर किंवा लाकडी पायांवर उभी केली जाई.

केरळचे लाकडी कोठार

केरळात वर्षातील अनेक महिने पाऊस असतो. तेथे ओल हा सर्वांत मोठा शत्रू. त्यामुळे तेथील धान्याचे कोठार लाकडी आणि जोत्यावर उचललेले असते. मध्य त्रावणकोर भागातील जुन्या घरांत 'अरा' म्हणजे धान्याची खोली आणि 'निरा' म्हणजे तिच्याभोवतीची फळ्यांची भिंत, या दोहोंभोवती सारे घर रचलेले असे. दक्षिणचित्रात कोट्टायम जिल्ह्यातील पुतुप्पळ्ळी येथून आणलेले, सुमारे १८५० मधील एक सीरियन ख्रिश्चन घर आहे. त्याच्या दर्शनी भागी धान्याचे कोठारच आहे. घरात येणाऱ्याच्या दृष्टीस प्रथम पडावे ते यजमानाचे धान्य, अशी ही योजना आहे. कोठार हे त्या घराच्या प्रतिष्ठेचे ठिकाण होते.

या कोठाराच्या रचनेत बारकावे पुष्कळ आहेत. जोते जांभ्या दगडाचे, कारण जमिनीतील ओल त्याने अडते. त्यावर फणस किंवा ऐनी यांसारख्या टिकाऊ लाकडाच्या जाड फळ्या खाचांत सरकवून भिंत केली जाते. लाकूड हवेतील दमटपणा काही प्रमाणात शोषून घेते आणि कोरड्या दिवसांत तो बाहेर सोडते. त्यामुळे आतील हवा दगडी खोलीपेक्षा सम राहते. छप्पर उतरते आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील इतके पुढे आलेले असते. श्रीमंत घराण्यांत धान्यासाठी स्वतंत्र इमारत असे. तिला 'पत्तायप्पुरा' म्हणत. 'पत्तायम' म्हणजे धान्याची मोठी लाकडी पेटी. हा शब्द तमिळ भाषेतही आहे आणि कावेरीच्या खोऱ्यातील शेतघरांतही अशी पेटी असे. दक्षिणचित्रातील तंजावर भागातील शेतकऱ्याच्या घराकडे पाहताना हे साम्य ध्यानात ठेवावे लागते.

आंध्रच्या किनाऱ्यावर मात्र मुख्य भीती पावसाची नसून चक्रीवादळाची. तेथील घरे गोलाकार, मातीच्या भिंतींची आणि जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेल्या शाकारणीची असतात. वाऱ्याला धडकण्यासाठी कोपराच मिळू नये, हा त्यामागील विचार. विशाखापट्टणम परिसरातील अशा घराचा नमुनाही या संग्रहालयात उभारलेला आहे.

इरकलचे घर आणि मराठी माळवद

मराठी वाचकाला सर्वांत ओळखीचे वाटावे असे येथील घर म्हणजे उत्तर कर्नाटकातील इळकल गावच्या विणकराचे. हे गाव बागलकोट जिल्ह्यात आहे आणि महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या नेसले जाणारे इरकली लुगडे येथलेच. हा प्रदेश कमी पावसाचा आणि भरपूर दगडाचा. त्यामुळे भिंती दगडी व जाड आणि छप्पर सपाट असते. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि त्यावर मातीचा जाड थर, अशी ही रचना आहे. सोलापूर, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राचा पूर्वेकडील दुष्काळी पट्टा येथील माळवदाचे किंवा धाब्याचे घर हे याच कुळातील होय. गावाच्या जुन्या पांढरीतील माती पाणी धरत नाही, म्हणून माळवदावर ती टाकण्याचा प्रघात होता.

उत्तर कर्नाटकातील अनेक जुन्या शेतघरांत दारातून आत शिरताच गुरांची जागा लागते आणि माणसांची राहण्याची जागा तिच्याहून दोन-तीन फूट उंच ओट्यावर असते. एकाच छपराखाली गोठा आणि घर असल्याने रात्री जनावरांवर लक्ष राहते, चोरीची भीती कमी होते आणि थंडीत ऊबही मिळते. गव्हाण, दावण, वैरणीची जागा आणि धान्याच्या कणग्या या सर्वांना घराच्या आराखड्यात निश्चित स्थान असते. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत जाड भिंतींच्या आडोशाला 'बळद' असे. काळोखी, खिडकी नसलेली ही जागा केवळ धान्यासाठी राखलेली असे. कोकणात आणि गोव्यात हे चित्र पुन्हा बदलते. पाऊस वाढतो, छप्पर उतरते होते, माळवद नाहीसे होते आणि भात पेंढ्यात बांधून त्याच्या मुड्या केल्या जातात. बागेतील किंवा शेतातील अवजारांसाठी व राखणीसाठी बांधलेला 'मांगर' ही तेथील स्वतंत्र शेतवास्तू होय.

जमिनीच्या पोटातील कोठार

दख्खनच्या कोरड्या पठारावर शेतकऱ्यांनी याहूनही वेगळा मार्ग शोधला. तो म्हणजे पेव. टणक आणि निचऱ्याच्या जमिनीत अरुंद तोंडाचा व खाली घागरीसारखा रुंद होत जाणारा खड्डा खणायचा, त्याच्या तळाला व बाजूंना कडबा किंवा पेंढा लावायचा, त्यात धान्य भरून तोंडावर दगडी फरशी ठेवायची आणि ते मातीने लिंपून हवाबंद करायचे. कर्नाटकात यालाच 'हगेवु' म्हणतात.

पेवाचे शास्त्र साधे परंतु अचूक आहे. बंद जागेत धान्याच्या आणि किडीच्या श्वसनाने प्राणवायू संपत जातो व कर्बवायू वाढतो. काही काळाने कीड जगू शकत नाही. कोणतेही औषध न वापरता धान्य टिकते ते यामुळे. याच कारणाने पेव उघडताना जीवाचा धोका असतो. तोंड उघडून बराच वेळ हवा जाऊ द्यायची, मग दिवा आत सोडून पाहायचे आणि दिवा विझला तर कोणी उतरायचे नाही, ही जुनी दक्षता अनुभवातून आलेली आहे. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आज आपण कशाच्याही सुळसुळाटाबद्दल वापरतो. त्याचे मूळ या भूमिगत कोठारात आहे.

या पद्धतीची मुळे फार खोल आहेत. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीचे ताम्रपाषाणयुगीन खेडे उजेडात आले. तेथे घरांमध्ये धान्याची पेवे आणि कणग्यांसाठीचे ओटे मिळाले. गावप्रमुखाचे मानले जाणारे मोठे घर आणि त्याला लागून असलेले धान्याचे कोठार ही या उत्खननातील महत्त्वाची नोंद. गावात ज्याच्याकडे कोठार, त्याच्याकडे अधिकार, हे समीकरण तेव्हापासूनचे असावे, असे यावरून दिसते.

सांगलीजवळील हरिपूर येथे हळद साठवण्यासाठी अशा पेवांचा वापर विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मोठ्या प्रमाणावर होत असे. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी शिरल्याने त्यांपैकी अनेक पेवे निकामी झाली. जमिनीखालील कोठाराचा खरा शत्रू कोणता, हे त्या पुराने दाखवून दिले.

जिंजी आणि पन्हाळा : दगडी कोठारे

शेतकऱ्याला कोठार एका वर्षासाठी हवे असते, तर राजाला वेढ्यासाठी. किल्ल्यावर धान्य टिकले तर किल्ला टिकतो. तेथे आग आणि शत्रू ही मुख्य भीती असल्याने कोठार दगडाचे आणि चुन्याचे करावे लागे.

कोवलमपासून नैऋत्येस, चेन्नईहून सुमारे दीडशे किलोमीटरवर, विळुपुरम जिल्ह्यात जिंजीचा किल्ला आहे. मराठ्यांच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. शिवाजी महाराजांनी दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ मध्ये, तो जिंकला. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज येथे आले आणि मराठा राज्याचा कारभार येथूनच चालला. १६९० ते १६९८ या काळात मोगल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा या किल्ल्याभोवती होता. जिंजीतील भव्य धान्यकोठारे आजही उभी आहेत. जाड भिंती आणि त्यांवर अर्धगोल कमानीचे लांबलचक छत, असे त्यांचे स्वरूप आहे. छताचा भार बाजूंच्या भिंतींवर उतरत असल्याने आत लाकडी तुळई लागत नाही. जळण्यासारखे काही नाही आणि वाळवीला खाण्यासारखेही काही नाही. मामल्लपुरमच्या भीम रथाच्या छपरात जो आकार दिसतो, तोच येथे एका उपयुक्त इमारतीचे छत झालेला आहे.

महाराष्ट्रात या प्रकारचे सर्वांत मोठे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळगडावर आहे. तेथील अंबारखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे असलेल्या तीन कोठ्या आहेत. त्यांपैकी गंगा कोठी सर्वांत मोठी. तिने सुमारे ९५० चौरस मीटर जागा व्यापली असून उंची सुमारे १०.७ मीटर आहे. तिची साठवणक्षमता २५ हजार खंडी सांगितली जाते. आतील भाग सोळा खणांत विभागलेला असून प्रत्येक खणावर स्वतंत्र घुमटी छत आणि त्या छताच्या माथ्यावर एक छिद्र आहे. बाहेरील पायऱ्यांनी छतावर जायचे आणि छिद्रांतून धान्य आत ओतायचे, अशी ही व्यवस्था. धान्य वरून पडत असल्याने भरणी करणाऱ्यांना आत उतरावे लागत नाही आणि दारही वारंवार उघडावे लागत नाही. बांधणीवर आदिलशाही शैलीची छाप स्पष्ट आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराज मार्चपासून जुलैपर्यंत या गडावर होते. अखेर पावसाळ्यातील रात्री ते विशाळगडाकडे निसटले. चार महिन्यांहून अधिक काळ गड लढता राहिला, त्यात तटबंदीबरोबरच या कोठ्यांचाही वाटा होता.

धान्यकोठारांबाबत मराठा राज्यकर्ते किती जागरूक होते, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तून कळते. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या या ग्रंथात आग, उंदीर, कीड आणि वाळवी यांचा उपद्रव होणार नाही अशा रीतीने गडावरील धान्याची घरे बांधावीत आणि जमीन दगडाने व चुन्याने पक्की करावी, असा आशय आढळतो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी ११ किल्ले महाराष्ट्रातील असून पन्हाळा त्यांत आहे. बारावा किल्ला तमिळनाडूतील जिंजी होय. या दोन्ही किल्ल्यांबरोबर त्यांची दगडी कोठारेही जगाच्या नकाशावर आली, याची नोंद तुलनेने कमी झाली.

कोठार कोणाचे ?

जिंजीहून दक्षिणेस गेल्यावर कावेरीचे खोरे लागते. १६७६ पासून १८५५ पर्यंत येथे तंजावरच्या भोसल्यांचे राज्य होते. या भातशेतीच्या प्रदेशात धान्याचा मोठा साठा मंदिरांकडे असे. श्रीरंगमच्या रंगनाथस्वामी मंदिराच्या आवारात प्रचंड गोल कोठारे आहेत. तंजावर जिल्ह्यात पापनाशमजवळ तिरुप्पालैतुरै येथील शिवमंदिराच्या आवारात सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, नायक राजांच्या काळातील विटांचे उंच कोठार आहे. त्याची उंची सुमारे ३६ फूट असून त्यात तीन हजार कलम धान्य मावते, असे सांगतात. 'कलम' हे तमिळ प्रदेशातील धान्य मोजण्याचे जुने माप होय. गोलाकार भिंतीवर धान्याचा दाब सर्व बाजूंनी सारखा पडतो, त्यामुळे कोपरे फाटण्याची भीती राहत नाही.

राज्यसत्तेने दुष्काळासाठी कोठारे बांधण्याची कल्पनाही जुनी आहे. गोरखपूर जिल्ह्यातील सोहगौरा येथे मिळालेल्या प्राचीन ताम्रपटात आपत्काळासाठी राखलेल्या कोठारांचा उल्लेख आहे. १७७० च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रजांनी पाटण्यास 'गोलघर' हे घुमटाकार कोठार बांधले. कॅप्टन जॉन गार्स्टिन यांनी १७८६ मध्ये ते पूर्ण केले. त्याची उंची २९ मीटर असून धान्याची पोती माथ्यापर्यंत नेण्यासाठी बाहेरून वळणाऱ्या पायऱ्या आहेत. मात्र ते कधीही पूर्ण भरले गेले नाही. इमारत भव्य असली तरी ती भरण्याची व्यवस्था नसेल तर कोठार हे केवळ स्मारक ठरते, हा धडा गोलघर देते.

स्वातंत्र्यानंतर धान्यसाठ्याची जबाबदारी सरकारने घेतली. १४ जानेवारी १९६५ रोजी भारतीय अन्न महामंडळाची स्थापना झाली आणि त्याचे पहिले जिल्हा कार्यालय तंजावर येथेच सुरू झाले. जुन्या कोठारांच्या प्रदेशातच नव्या गोदामांचा आरंभ झाला, हा योगायोग नव्हे. भात तेथेच होते. सार्वजनिक गोदामांमुळे देशाला दुष्काळाशी सामना करण्याचे बळ मिळाले, यात शंका नाही. परंतु याच काळात शेतकऱ्याच्या घरातील कोठार हळूहळू रिकामे होत गेले. नगदी पिके वाढली, मळणी यंत्राने शेतातच होऊ लागली आणि धान्य खळ्यावरून घराऐवजी थेट बाजारात जाऊ लागले. कणगी, बळद आणि पेव यांची गरज उरली नाही. पुढे ती बनवणारे हातही उरले नाहीत.

या बदलाची किंमत सहज दिसत नाही. घरात कोठार असलेला शेतकरी भाव येईपर्यंत थांबू शकत असे. ज्याच्याकडे साठवणीची जागा नाही, त्याला सुगीच्या दिवसांतच, म्हणजे भाव सर्वांत पडलेले असतानाच, माल विकावा लागतो. कावेरीच्या खोऱ्यात खरेदी केंद्रांबाहेर ठेवलेले भात अवकाळी पावसात भिजल्याच्या बातम्या अनेक हंगामांत येतात. महाराष्ट्रात कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आणि २००७ चा केंद्रीय गोदाम कायदा यांचा हेतू शेतकऱ्याला हीच सवड परत मिळवून देण्याचा आहे. माल गोदामात ठेवायचा, त्याच्या पावतीवर कर्ज घ्यायचे आणि भाव आल्यावर विकायचा. पूर्वी जे काम घरच्या कोठाराच्या चार भिंती करीत, ते आता पावतीने करावे, अशी ही कल्पना आहे.

जपायचे ते काय ?

दक्षिणचित्रासारख्या प्रयत्नांची मर्यादा उघड आहे. केरळच्या पावसासाठी बांधलेले कोठार कोवलमच्या खाऱ्या वाऱ्यात उभे राहिले की त्याला वेगळ्या हवेशी झुंजावे लागते. शिवाय धान्य नसलेले कोठार आणि गुरे नसलेला गोठा हे अखेर वस्तुसंग्रहच असतात. तरीही हा प्रयत्न झाला नसता तर ही घरे जळाऊ लाकडाच्या किंवा जुन्या फर्निचरच्या बाजारात गेली असती, हेही तितकेच खरे. घर हलवताना केलेली मोजमापे, जोडणीच्या नोंदी आणि त्या निमित्ताने पुन्हा कामाला लागलेले कारागीर, ही या संग्रहालयाची इमारतींइतकीच मोलाची कमाई होय.

दगडी कोठाराचे तसे नाही. पन्हाळ्याची गंगा कोठी किंवा जिंजीचे कोठार कोणी उचलून नेऊ शकत नाही. ते जेथे आहे तेथेच जपावे लागते. छतावरील चुन्याचा थर फुटला की पाणी मुरते, सांध्यांत झाडांची मुळे शिरतात आणि शतकानुशतके टिकलेली कमान थोड्या वर्षांत खचते. यासाठी मोठ्या खर्चापेक्षा नियमित देखभाल अधिक महत्त्वाची असते.

याहून वेगळा वारसा आहे तो ज्ञानाचा आणि तो जपण्यासाठी इमारतीचीही गरज नाही. धान्य साठवण्यासाठी आज अनेक देशांत हवाबंद पिशव्यांचा प्रसार होत आहे. प्राणवायू संपवून औषधाविना कीड मारायची, हे त्यांचे तत्त्व. दख्खनच्या शेतकऱ्याने पेवाचे तोंड लिंपताना नेमके हेच केले होते. केरळच्या सुताराने लाकडाकडून आणि पन्हाळ्याच्या गवंड्याने चुन्याकडून करून घेतलेले कामही असेच तपासून पाहण्याजोगे आहे.

महाराष्ट्रातील गावोगावी आजही पडके वाडे, बुजलेली पेवे आणि रिकामी बळदे आहेत. त्यांची मापे घेणे, छायाचित्रे काढणे आणि ती वापरलेल्या वृद्धांकडून माहिती टिपून घेणे हे काम शाळा, महाविद्यालये आणि ग्रामपंचायती अल्प खर्चात करू शकतात. कोवलमच्या किनाऱ्यावर चार प्रांतांतील घरे जपली गेली. दख्खनच्या कोठारांची निदान नोंद तरी व्हावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.